वाचकांचे प्रश्न : बिशप नसलेल्या मंडळ्या वर्षभर एकत्र कशा चालतात?

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांत एकच विषय घेतला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात बाप्टिस्ट मंडळ्यांची राज्यपातळीवरची संस्था, म्हणजे स्टेट कन्व्हेन्शन, वर्षभर काय करते, पैसा कसा फिरवते आणि तिचा कारभार कोणाच्या हाती असतो, याविषयी महाराष्ट्रातून आणि टेक्सासात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून पत्रे आली आहेत. नियमांचा तपशील दर राज्यात थोडा बदलतो, म्हणून जिथे आकडा दिला आहे तिथे तो कोणाचा हेही सांगितले आहे.

आमच्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात धर्मप्रांत आहे, बिशप आहेत, पाळकांच्या बदल्या होतात. टेक्सासच्या कन्व्हेन्शनचा अध्यक्ष म्हणजे तिथला बिशपच समजायचा का?
— एक वाचक, अहिल्यानगर

नाही. तिथल्या अध्यक्षाला एकाही पाळकाची बदली करता येत नाही. पाळक कोण असावा हे त्या त्या मंडळीचे सभासद मतदानाने ठरवतात, पगार तीच मंडळी देते, जमीन आणि इमारतही तिच्याच नावावर असते. मंडळीने उद्या कन्व्हेन्शनशी संबंध तोडला तर इमारत मंडळीकडेच राहते. अध्यक्ष एका वर्षासाठी निवडला जातो, बहुधा एकदा पुन्हा निवडून येतो आणि या पदाचा पगार घेत नाही. रोजचे काम पाहतो तो पगारी कार्यकारी संचालक. त्याची नेमणूक कार्यकारी मंडळ करते.

मग कन्व्हेन्शनच्या हाती उरते काय? स्वतःचे अंदाजपत्रक, स्वतःचा नोकरवर्ग, ज्या महाविद्यालयांच्या आणि अनाथालयांच्या घटनेत तिला हक्क दिला आहे तिथल्या विश्वस्तांची निवड, आणि आपल्या सभेत कोणाला बसू द्यायचे याचा निर्णय. एवढेच. राज्य संस्थेविषयीचा कोणताही प्रश्न समजून घेताना आधी हा हिशेब मांडावा. मंडळीला हुकूम देण्याची सोय कुठेच नसल्यामुळे तिचे सगळे वर्ष मंडळ्यांची संमती मिळवण्यात आणि टिकवण्यात जाते.

नॅशव्हिलची सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन ही राष्ट्रीय संस्था १८४५ साली स्थापन झाली. टेक्सासची संस्था तिची शाखा नाही. जिल्हा पातळीवरची असोसिएशन, राज्य संस्था आणि राष्ट्रीय संस्था या तिन्ही स्वतंत्र आहेत आणि मंडळी प्रत्येकीशी वेगळे नाते ठेवते. टेक्सासात १८४८ ची एक आणि १८६८ ची एक अशा दोन संस्था १८८६ मध्ये एकत्र येऊन बाप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शन ऑफ टेक्सास झाली. १९९८ मध्ये सैद्धांतिक मतभेदांतून सदर्न बाप्टिस्ट्स ऑफ टेक्सास कन्व्हेन्शन ही दुसरी संस्था उभी राहिली. आज एकाच राज्यात दोन्ही काम करतात, आणि काही मंडळ्या दोघींच्याही सभासद आहेत.

तुमच्या भागातला एक दुवाही सांगतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांमध्ये उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांची परिषदही होती. म्हणजे तुमच्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेत, बसणाऱ्या काही मंडळ्यांचे पूर्वज बिशपाविनाच कारभार चालवत होते.

वार्षिक सभेला कोण जाऊ शकतो? पाळक आपोआप प्रतिनिधी असतो का?
— एक वाचक, पुणे

पाळक आपोआप प्रतिनिधी नसतो. दरवर्षी सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

प्रतिनिधीला तिथे मेसेंजर म्हणतात. त्याला मंडळीने आपल्या व्यवहार सभेत मतदान करून निवडावे लागते. पाळकाचे नावही त्याच ठरावात यावे लागते. मंडळीच्या सचिवाने किंवा सभाध्यक्षाने सही केलेले ओळखपत्र नोंदणीच्या टेबलावर दिले की मतपत्रिकांचे पुस्तक मिळते. अलीकडे बरीच नोंदणी ऑनलाइन होते, पण मंडळीचा ठराव लागतोच. निवडून आल्यावर तो स्वतःच्या विवेकाने मत देतो. ‘अमुक बाजूने हात वर कर’ असे मंडळीने त्याला बांधून पाठवायचे नसते. तो सभेला आला नाही तर त्याच्या वतीने दुसऱ्याला मत देता येत नाही.

संख्या किती? राष्ट्रीय संस्थेचे सूत्र २०१५ पासून असे आहे: सहकार्य करणाऱ्या प्रत्येक मंडळीला २ मेसेंजर. त्यापुढे मंडळीच्या सर्वसाधारण दानापैकी सामायिक निधीला (कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम, त्याची माहिती पुढच्या उत्तरात आहे) किंवा राष्ट्रीय संस्थेच्या इतर कामांना दिलेल्या प्रत्येक पूर्ण टक्क्यामागे एक, किंवा दिलेल्या प्रत्येक ६,००० डॉलरमागे एक, यांपैकी जे सूत्र मंडळीला जास्त संख्या देईल ते. एकूण मर्यादा १२. राज्य संस्थांची सूत्रे वेगळी असतात, तेव्हा आपल्या संस्थेची घटना उघडून पाहावी.

नोंदणीच्या टेबलावर अडचणी येतात त्या साधारण याच: मंडळीने ठरावच केलेला नसतो; ठरलेल्यापेक्षा एक माणूस जास्त आलेला असतो; नवरा मेसेंजर असतो आणि बायकोने त्याच्याच पत्रावर नोंदणी मागितलेली असते; वर्षभरात मंडळीकडून काहीच निधी आलेला नसतो. हे वाद अधिकारपत्र समिती सोडवते आणि अंतिम निर्णय सभा घेते. मतपत्रिकेचे पुस्तक हरवले तर दुसरे मिळेल असे गृहीत धरू नका. मतमोजणीचा विश्वास त्या एका पुस्तकावर उभा असतो.

ही काटेकोर पद्धत उगाच आलेली नाही. १८९७ साली सॅन अँटोनिओच्या सभेत एका बाप्टिस्ट साप्ताहिकाचे संपादक एस. ए. हेडन यांना टेक्सासच्या कन्व्हेन्शनने आसन नाकारले. त्यांनी पुढाऱ्यांवर खटला भरला, तो अनेक वर्षे चालला आणि शेवटी फूट पडून वेगळी संघटना उभी राहिली. सभा मंडळ्यांची आहे की आलेल्या मेसेंजरांची, आणि आपले सभासद ठरवण्याचा हक्क कोणाला, हे प्रश्न त्या काळात टेक्सासभर पेटले होते. ज्या संस्थेला दंड करता येत नाही, पाळक काढता येत नाही, तिच्यासाठी आसन देणे वा नाकारणे हेच सर्वांत मोठे हत्यार आहे. ते फार क्वचित उपसावे असे आमचे ठाम मत आहे.

आमची डॅलसजवळ छोटी मराठी संगती आहे. यजमान मंडळीचा खजिनदार दरमहा ‘कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम’ला धनादेश पाठवतो. हा पैसा नेमका जातो कुठे?
— एक वाचक, डॅलस परिसर

कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम ही १९२५ साली मेम्फिसच्या सभेत स्वीकारलेली सामायिक निधीची योजना आहे. तिच्या आधी १९१९ ते १९२४ या काळात साडेसात कोटी डॉलर जमवण्याची मोहीम झाली. वचने ९ कोटी २० लाखांची आली, हाती आले सुमारे साडेपाच ते सहा कोटी. वचनांच्या भरवशावर संस्थांनी खर्च करून ठेवला होता, त्यामुळे सगळ्या कर्जात बुडाल्या. शिवाय प्रत्येक महाविद्यालयाचा, प्रत्येक मिशनचा माणूस वेगळा येऊन दर रविवारी मंडळीकडे मागणी करत असे. त्यावर तोडगा म्हणून ठरले की मंडळीने एकच रक्कम राज्य संस्थेकडे पाठवावी, तिने आपला वाटा ठेवून उरलेली नॅशव्हिलला पाठवावी.

आकड्यांत पाहू. समजा मंडळीची महिन्याची जमा २६,००० डॉलर आहे. त्यातले ६,००० इमारत निधीसाठी नाव घालून दिलेले आहेत. टक्केवारी उरलेल्या २०,००० वर काढायची. मंडळीने ८ टक्के ठरवले असतील तर धनादेश १,६०० डॉलरचा.

तो सदर्न बाप्टिस्ट्स ऑफ टेक्सास कन्व्हेन्शनकडे गेला असे धरा. या संस्थेने अनेक वर्षे ५५ टक्के पुढे पाठवण्याचे प्रमाण ठेवले. त्या प्रमाणाने ७२० डॉलर टेक्सासात राहतात, ८८० नॅशव्हिलला जातात. राष्ट्रीय संस्थेच्या बरीच वर्षे चाललेल्या वाटपाप्रमाणे त्या ८८० पैकी ५०.४१ टक्के, म्हणजे ४४३.६१ डॉलर, परदेशी मिशनला, २२.७९ टक्के, म्हणजे २००.५५, उत्तर अमेरिकेतल्या मिशनला, २२.१६ टक्के, म्हणजे १९५.०१, मुख्यत्वे पाळक घडवणाऱ्या सहा सेमिनऱ्यांना. उरलेले ४०.८३ कार्यकारी समिती आणि नीतिविषयक आयोगाला. वाटपाचे प्रमाण सभा बदलू शकते, तेव्हा चालू वर्षाचा तक्ता मागवून घ्यावा.

बाप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शनची मूळ मांडणी वेगळी आहे: ७९ टक्के टेक्सासातल्या कामाला, २१ टक्के राज्याबाहेर. मंडळी हे प्रमाण स्वतः बदलून कळवू शकते आणि राज्याबाहेरचा वाटा कोणाला जावा हेही सांगू शकते.

खजिनदारांच्या हातून होणाऱ्या चुका लहान असतात, पण त्यांचा ताप वर्षभर राहतो. धनादेशावर नुसते ‘मिशन’ लिहिले तर कार्यालयाला तो सामायिक निधीत घ्यावा की नाताळच्या विशेष दानात हे कळत नाही. सोबतचा फॉर्म रकाना पाहून भरावा. सामायिक निधीला पाठवताना ‘यातले अमुक इतके फक्त त्या सेमिनरीला’ अशी अट घातली की ती रक्कम नावाने दिलेल्या दानात मोजली जाते, सामायिक निधीत नाही. डिसेंबरचा धनादेश जानेवारीत पोहोचला तर तो पुढच्या वर्षात पडायचा धोका असतो. वर्षअखेरची मुदत आधीच विचारून ठेवावी. आणि रविवारच्या दानाची मोजणी एकाच घरातल्या दोघांनी कधी करू नये. वेगवेगळ्या घरांतले दोन जण, दोघांच्या सह्या, आणि बँकेत भरणारा तिसरा, ही रीत कितीही छोट्या संगतीला परवडते.

विशेष दाने या वाटणीत येत नाहीत. नाताळचे लॉटी मून दान संपूर्ण परदेशी मिशनला जाते. चीनमध्ये काम करणाऱ्या लॉटी मून यांच्या पत्रांवरून १८८८ साली स्त्रियांनी पहिल्यांदा ते गोळा केले. ३,३१५ डॉलर जमले होते. ईस्टरचे ॲनी आर्मस्ट्राँग दान उत्तर अमेरिकेतल्या मिशनसाठी असते. टेक्सासचे स्वतःचे मेरी हिल डेव्हिस दान सप्टेंबरात घेतात. मेरी हिल डेव्हिस १९०६ ते १९३१ अशी पंचवीस वर्षे टेक्सासच्या स्त्री मिशनरी संघाच्या अध्यक्ष होत्या. ही तिन्ही दाने स्त्रियांच्या नावाने ओळखली जातात, आणि निधी उभा करण्याचे मूळ काम त्याच स्त्रियांनी केले. पण ते झाले त्या काळात त्यांच्यापैकी बहुतेकींना कन्व्हेन्शनच्या मुख्य सभेत बोलायची मुभा नव्हती.

वार्षिक सभा दोन दिवसांची. बाकीचे वर्ष कार्यालय काय करते?
— एक वाचक, सोलापूर

पुढच्या सभेची तयारी, आणि मंडळ्यांना हवी ती मदत.

जानेवारीत नवे आर्थिक वर्ष सुरू होते. हिवाळ्यात सुवार्ताप्रसाराची परिषद भरते. वसंतात नामनिर्देशन समिती कामाला लागते. उन्हाळा तरुणांच्या शिबिरांचा असतो. शेजारच्या ओक्लाहोमाच्या कन्व्हेन्शनचे फॉल्स क्रीक शिबिर १९१७ पासून चालू आहे आणि आठवड्याआठवड्याने हजारो मुले तिथे येऊन जातात. उन्हाळ्यातच पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तयार होते, शरद ऋतूच्या सुरुवातीला कार्यकारी मंडळ ते तपासते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत मेसेंजर ते मंजूर करतात.

मंडळ्यांचे वार्षिक माहितीपत्रक भरून घेणे हे न दिसणारे पण मोठे काम आहे. त्यात वर्षातले बाप्तिस्मे, सभासदसंख्या, उपासनेची सरासरी उपस्थिती, शब्बाथ शाळेचा पट, एकूण जमा आणि मिशनवरचा खर्च असे रकाने असतात. भरणे ऐच्छिक आहे, म्हणून पुष्कळ मंडळ्या भरत नाहीत, आणि राज्याचा एकूण आकडा घसरला की तो खरोखर घसरला की फॉर्म कमी आले, हे आधी पाहावे लागते. सरासरी काढताना फक्त ईस्टर आणि नाताळचे रविवार धरू नयेत. सगळ्या रविवारांची बेरीज करून रविवारांच्या संख्येने भागावे. यजमान मंडळीला जोडून भरणारी संगती यजमानाच्या आकड्यांतही मोजली आणि स्वतःही वेगळा फॉर्म भरला तर तेच बाप्तिस्मे दोनदा मोजले जातात. डॅलसच्या वाचकांनी हे आपल्या यजमानाशी बोलून घ्यावे.

विश्वस्त आणि समित्या निवडतो कोण? मेसेंजर इतक्या नावांवर एकाच दिवशी मत कसे देतात?
— एक वाचक, नाशिक

एकेका नावावर नाही, यादीवर देतात. अध्यक्ष समित्यांच्या काही नेमणुका करतो किंवा सुचवतो, नामनिर्देशन समिती विश्वस्तांची यादी बनवते, यादी सभेपुढे येते आणि बहुतेक वेळा एका मतात मंजूर होते. म्हणून अध्यक्षपदाची निवडणूक दिसते त्यापेक्षा महत्त्वाची असते. १९७९ नंतर राष्ट्रीय संस्थेत एका गटाने सलग अध्यक्ष निवडून आणून काही वर्षांत सगळ्या विश्वस्त मंडळांचा तोल बदलला, तो याच वाटेने.

टेक्सासातही त्याचा परिणाम दिसला. बेलर विद्यापीठाला १८४५ साली, टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, सनद मिळाली होती आणि विद्यापीठाचे विश्वस्त कन्व्हेन्शन निवडत असे. १९९० मध्ये विश्वस्तांनी स्वतःच सनद बदलली आणि नव्या मंडळाचे बहुतेक सदस्य मंडळानेच निवडायचे ठरवले. पुढच्या वर्षी झालेल्या तडजोडीत कन्व्हेन्शनकडे एक चतुर्थांश जागा राहिल्या. मिसुरीत २००० ते २००१ या काळात पाच संस्थांनी असेच केले, आणि तिथल्या कन्व्हेन्शनने २००२ मध्ये सुरू केलेली न्यायालयीन लढाई दशकाहून जास्त चालली.

संस्थेच्या घटनेत ‘कन्व्हेन्शनच्या लेखी संमतीशिवाय ही घटना बदलता येणार नाही’ हे वाक्य आहे की नाही, यावर सगळे अवलंबून असते. ते वाक्य नसेल तर पन्नास वर्षे पैसा देऊनही हक्क उरत नाही. महाराष्ट्रात मंडळीची शाळा किंवा दवाखाना वेगळ्या ट्रस्टच्या नावावर असेल तर त्याचा ट्रस्टडीड याच नजरेने वाचा. आणि विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज द्या. जुन्याच विश्वस्तांची नावे नोंदीवर राहिल्यामुळे पेटलेले वाद आपल्याकडे कमी नाहीत.

सभेत ठराव मंजूर झाला की मंडळ्यांवर तो बंधनकारक होतो का?
— एक वाचक, वसई

नाही. मतप्रदर्शनाचा ठराव म्हणजे त्या दिवशी त्या सभागृहात बसलेल्यांचे मत. अंदाजपत्रक, घटनादुरुस्ती आणि संस्थेच्या कामाविषयीचे प्रस्ताव संस्थेला बांधतात, मंडळीला नाही.

सभा रॉबर्ट यांच्या नियमावलीनुसार चालते. हेन्री रॉबर्ट हे लष्करातले अभियंते आणि स्वतः बाप्टिस्ट. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या बाप्टिस्ट मंडळीत एका सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि सभा हाताबाहेर गेली. त्यातून सुरू झालेल्या अभ्यासाचे पुस्तक १८७६ साली छापून आले. त्यातला रोज लागणारा नियम एवढाच: साध्या प्रस्तावाला अनुमोदन आणि साधे बहुमत पुरते, पण चर्चा तोडून थेट मतदान घ्यायचे असेल तर दोन तृतीयांश मते लागतात. घटनादुरुस्तीला राष्ट्रीय संस्थेत सलग दोन वर्षे दोन तृतीयांश लागतात. २०२३ मध्ये पाळकपद पुरुषांपुरते ठेवण्याची दुरुस्ती पहिल्या वर्षी मंजूर झाली. २०२४ मध्ये तिला सुमारे ६१ टक्के मते मिळाली आणि ती पडली. बहुमत असूनही पडली. घाईने मंडळ्या तुटू नयेत म्हणून हा अडसर ठेवलेला आहे.

मोठ्या संस्थांत पैशांची अफरातफर झाली तर कोण पकडतो? तिथे धर्मादाय आयुक्त असतात का?
— एक वाचक, मुंबई

आपल्यासारखे धर्मादाय आयुक्त नसतात. अमेरिकी मंडळी करमुक्त असतेच, आणि इतर धर्मादाय संस्थांना जे वार्षिक विवरणपत्र कर खात्याकडे भरावे लागते ते मंडळीला भरावे लागत नाही. त्यामुळे डोळे उघडे ठेवायची जबाबदारी मेसेंजरांवर, कार्यकारी मंडळावर आणि बाहेरच्या लेखापरीक्षकावर येते.

दोन प्रसंग प्रत्येक राज्याच्या लेखा समितीने वाचायला हवेत. १९२८ मध्ये राष्ट्रीय होम मिशन बोर्डाच्या खजिनदाराने ९ लाख डॉलरहून अधिक रक्कम पळवल्याचे उघड झाले. एकाच माणसाकडे धनादेश, कर्जरोखे आणि हिशेबवह्या होत्या. दुसरा प्रसंग टेक्सासचा. रिओ ग्रांडे खोऱ्यात १९९९ ते २००५ या काळात तीन पाळकांनी २५८ नव्या मंडळ्या सुरू केल्याचे कळवले, आणि बाप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शनने त्यांना १३ लाख डॉलरहून अधिक मदत दिली. २००६ च्या चौकशीत आढळले की यांतल्या जवळपास सगळ्या अस्तित्वात नाहीत, आणि काही तर कागदाबाहेर कधी नव्हत्याच.

हे घडले कसे? पैसा ‘नवी मंडळी’ या आकड्यावर सुटत होता आणि आकडा कळवणारा व मदत घेणारा माणूस एकच होता. प्रत्यक्ष जागेवर जाऊन रविवारची उपासना पाहणारा तिसरा माणूस साखळीत पुरेसा नव्हता. नव्या मंडळीला मदत देताना त्यामुळे इतके तरी असावे: पालक मंडळीची लेखी जबाबदारी, पूर्वी न सांगता दिलेली एक भेट, मंडळीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, दर तिमाहीचा अहवाल, आणि दरवर्षी कमी होत जाणारी मदत. अहवाल आला नाही तर पुढचा हप्ता थांबावा. पाळकाला हे अविश्वासाचे वाटते हे खरे आहे, पण खोऱ्यात प्रामाणिकपणे राबणाऱ्या पाळकांचेच नाव त्या प्रकरणात सर्वांत जास्त काळवंडले.

२०१९ च्या पुरात आमच्याकडे मदत आली तशी गेलीही. टेक्सासच्या पिवळ्या शर्टवाल्या बाप्टिस्ट स्वयंसेवकांची पद्धत आम्हाला वापरता येईल का?
— एक वाचक, सांगली

बरीचशी येईल. या कामाची सुरुवात टेक्सासातच १९६७ च्या ब्यूला चक्रीवादळानंतर झाली. पुढे राज्याच्या मिशन दानातून फिरते स्वयंपाकघर उभे राहिले आणि इतर राज्यांनी ते उचलले.

पहिली गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. मोठ्या आपत्तीत अन्नसामग्री बहुधा रेड क्रॉस पुरवते, बाप्टिस्ट स्वयंसेवक शिजवतात, आणि रेड क्रॉसच्या गाड्या ते घरोघर नेतात. कोणी दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. दुसरी गोष्ट, न बोलावता कोणी जात नाही. आधी प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी आणि ओळखपत्र. मग राज्याचा समन्वयक बोलावेल तेव्हा निघायचे. आपल्याकडे पुरानंतर गाड्या भरून लोक येतात आणि रस्ता अडतो, तो याच गोष्टीच्या अभावी.

घरातला चिखल काढताना क्रम असा ठेवतात. घरमालकाची लेखी परवानगी. वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री. विम्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो, वस्तू बाहेर काढण्याआधी. मग सामान, मग ओल्या गाद्या आणि गालिचे, मग पाणी चढले त्याच्या वरपर्यंत भिंतीची जिप्सम फळी आणि आतले उष्णतारोधक कापून काढणे. धुणे, जंतुनाशक फवारणे, वाळवणे. लाकडातली ओल मोजयंत्रावर साधारण १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत भिंत बंद करत नाहीत. घाईने बंद केली तर महिन्याभरात आत बुरशी धरते आणि सगळे पुन्हा तोडावे लागते. ब्लीच आणि अमोनिया कधी एकत्र करू नयेत, विषारी वायू होतो. जनरेटर घरात किंवा ओसरीवर चालवू नये.

सांगलीतल्या विटांच्या भिंती कापायच्या नाहीत. पण पोपडे आलेला गिलावा खरवडणे, तळाकडून वर वारा खेळेल अशी दारे-खिडक्या उघडी ठेवणे आणि पूर्ण वाळेपर्यंत रंग न देणे हे तसेच लागू आहे. काठी घेऊन पुढे चालणारा एक माणूस ठेवा. गाळात साप असतात.

आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. प्रत्येक स्वयंसेवकाचे तास रोज वहीत लिहून सही घेतात. अमेरिकेत स्थानिक प्रशासनाला केंद्राच्या मदतीत जो स्वतःचा वाटा घालावा लागतो, त्यात या तासांचे मूल्य धरता येते.

एखाद्या पाळकाने लहान मुलाशी गैरवर्तन केले तर राज्य संस्थेकडे तक्रार करायची का?
— एक वाचक, ह्यूस्टन

आधी पोलीस किंवा राज्याच्या बालसंरक्षण विभागाकडे. टेक्सासच्या कायद्याने प्रत्येक प्रौढावर संशय कळवण्याचे बंधन आहे; ‘मंडळीत चौकशी करून मग पाहू’ ही पळवाट नाही. राज्य संस्था पाळकाला काढू शकत नाही. ती त्या मंडळीला सहकार्यातून वगळू शकते, पीडितांना समुपदेशन मिळवून देऊ शकते, मंडळ्यांना तपासणीचे प्रशिक्षण देते.

स्वतंत्र मंडळ्यांच्या या व्यवस्थेची सर्वांत घातक फट इथे आहे: एका मंडळीने गुपचूप राजीनामा घेतला की तोच माणूस दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात करतो. २०१९ च्या टेक्सास कायद्याने, पूर्वीच्या मंडळीने पुढच्या मंडळीला अशा आरोपांची माहिती सद्भावनेने दिली तर तिला दाव्यापासून संरक्षण दिले आहे. म्हणून पाळक निवड समितीने शिफारसपत्रातल्या नावांवर थांबू नये. मागच्या तीनही मंडळ्यांच्या डीकनांना, म्हणजे मंडळीने निवडलेल्या सेवकांना, फोन करावा आणि सरळ विचारावे, ‘तुम्ही यांना पुन्हा बोलवाल का?’ उत्तर देताना माणूस थांबला तर पुढचा प्रश्न विचारावा.

आमच्या मंडळीची इमारत अपुरी आहे. टेक्सासच्या कन्व्हेन्शनकडून थेट मदत मागता येईल का?
— एक वाचक, जालना

मागायच्या आधी आपली नोंदणी तपासा. परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेता येत नाही, पाहुण्या पाळकाने हातात दिलेलाही नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यात यावी लागते. एका नोंदणीकृत संस्थेने दुसऱ्या संस्थेला ती वाटून देणे बंद झाले आहे, तेव्हा ‘मोठ्या संस्थेच्या खात्यातून आमच्याकडे वळवा’ हा जुना मार्ग उरलेला नाही. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा, आणि एफसी-४ हे विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत.

नोंदणी असली तरी राज्य कन्व्हेन्शनचा निधी मुख्यतः त्या राज्यातल्या कामासाठी असतो. परदेशी बांधकामाला ती सहसा थेट पैसा देत नाही. एखाद्या मंडळीशी नाते असेल तर त्या मंडळीकडेच लिहावे. पत्रासोबत जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, अभियंत्याचे अंदाजपत्रक, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि तुमच्या मंडळीने स्वतः जमवलेली रक्कम जोडा. शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात; देणारी मंडळी सर्वांत आधी तोच शोधते.